लिंक्डइन, ओळखी आणि आपलं नाव



मला विषय दिलाय करिअरसाठी लिंक्डइनचा वापर. फोटो कुठला लावावा हे मी सांगणार नाही. तसले व्हिडिओ तुम्ही कसारा लोकलमध्ये उभ्या उभ्या पाहिलेलेच आहेत. मांडा-टिटवाळ्यातली आपली मुलं मला एकच प्रश्न विचारतात, तोही आवाज खाली करून: "भाई, नाव बघून अर्ज बाजूला टाकतात का?"

टाकतात. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवले होते. २००७ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त निष्कर्ष आला: मुस्लिम नावाला बोलावणं येण्याची शक्यता उच्चवर्णीय हिंदू नावाच्या साधारण एक तृतीयांश. २०२२ मध्ये 'लेड बाय फाउंडेशन'ने लिंक्डइन, नोकरीसारख्या साइट्सवरच्या १,००० जागांसाठी दोन मुलींच्या नावाने तोडीस तोड बायोडेटा पाठवले. प्रियांका शर्माला २०८ होकारार्थी उत्तरं आली, हबीबा अलीला १०३. म्हणजे बहिणींनो, तुम्हाला उत्तर येत नाही तेव्हा दर वेळी कमतरता तुमच्यातच असते असं नाही.

मग नाव आखडून 'एम. एस.' करायचं का? माझं मत, नाही. मुलाखतीत ते कळणारच आहे. त्यापेक्षा अर्ज पोहोचण्याची वाट बदला.

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली दाखवून दिलं की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी बहुतेकांना ती जिवलग माणसाकडून नाही, तर अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्याकडून कळली होती. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात लिंक्डइनच्याच सुमारे दोन कोटी सदस्यांवरचा अभ्यास आला, त्यातही जुजबी ओळखीच जास्त कामाला आल्या. कारण साधं आहे. मामू, खालू, मोहल्ल्यातले दोस्त जीव लावतात, पण त्यांना माहीत असलेल्या नोकऱ्या आपल्यालाही माहीत असतात. ऐरोली-महापेच्या ऑफिसात पुढच्या महिन्यात कुठली जागा निघणार, हे आपल्या घरात कुणाला कळणार? इतरांच्या घरात त्यासाठी काका असतो. आपल्यातले बरेच जण घरातले पहिलेच इंजिनिअर. तो काका आपल्याला शोधावा लागतो.

तो सापडतो तुमच्या कॉलेजच्या पानावर. साबू सिद्दीक असो, पनवेलचं काळसेकर असो की कल्याणचं बिर्ला, लिंक्डइनवर कॉलेजच्या पानावर माजी विद्यार्थ्यांचा विभाग असतो. कोण कुठल्या कंपनीत, काय काम करतो, हे तिथे गाळून बघता येतं. दोन-पाच वर्षं पुढे असलेले निवडा. कंपनीच्या मोठ्या साहेबांना लिहू नका, ते वाचत नाहीत.

आणि "सर, जॉब असेल तर सांगा" असं तर अजिबात लिहू नका. त्यावर समोरच्याने करायचं काय? असं लिहा: "मी तुमच्याच कॉलेजचा, २०२३ बॅच. टेस्टिंगमध्ये काम शोधतोय. तुमच्या टीममध्ये ऑटोमेशनसाठी कुठलं टूल वापरता? पंधरा मिनिटं बोलता येईल का?" दहातल्या दोघा-तिघांनी उत्तर दिलं तरी पुरे. बोलणं झाल्यावर, जागा निघाली की जॉब आयडीसकट रेफरल मागा.

इथे आपली मुलं अडतात. हात पसरल्यासारखं वाटतं, वशिला वाटतो. वशिला म्हणजे लायकी नसताना खुर्ची. रेफरलने फक्त अर्ज उघडला जातो, परीक्षा आणि मुलाखत तुमचीच. शिवाय बऱ्याच आयटी कंपन्यांत रेफर केलेला माणूस लागला तर रेफर करणाऱ्याला बोनस मिळतो, तेव्हा तुम्ही त्याचंही काम करताय. यातून भेदभाव संपत नाही. पण नुसत्या नावाऐवजी "याच्याशी मी बोललोय" म्हणणारा एक माणूस अर्जासोबत जातो.

प्रोफाइलवर नावाखालच्या ओळीत 'नोकरीच्या शोधात' नको, कामाचं नाव लिहा: 'जावा डेव्हलपर', 'अकाउंट्स, टॅली, जीएसटी'. रिक्रूटर शोधताना हेच शब्द टाकतो. आणि रजिस्ट्रेशन किंवा डिपॉझिटच्या नावाने जो पैसे मागेल त्याला तिथेच ब्लॉक करा.

आता फोन काढा, आपापल्या कॉलेजचं पान उघडा. ज्यांचं खातं नाही त्यांनी शेजारच्याच्या फोनमध्ये बघा. मी मागच्या रांगेपासून येतो.