गोदामाचे छप्पर आणि त्यावरील संरक्षक लेप



खळ्यावरचे धान्य पोत्यात भरले की शेतकऱ्याची अर्धी चिंता मिटते. उरलेली अर्धी ते धान्य सुरक्षित जागी पोहोचेपर्यंत कायम असते. सुगीच्या दिवसांत बाजारात मालाची गर्दी होते आणि भाव खाली येतात. अशा वेळी थांबण्याची ताकद शेतकऱ्याला मिळावी, हा वखारींच्या स्थापनेमागील मूळ हेतू होय. श्री. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालील ग्रामीण पत पाहणी समितीने १९५४ च्या अहवालात साठवणुकीचा हा प्रश्न पतपुरवठ्याशी जोडून दाखविला. त्यास अनुसरून १९५६ मध्ये कायदा झाला आणि १९५७ मध्ये केंद्रीय व राज्य वखार महामंडळे अस्तित्वात आली. पुढे २००७ च्या कायद्याने नोंदणीकृत वखारीच्या पावतीला हस्तांतरणाचा व तारणाचा अधिक भक्कम आधार दिला. सहकारी क्षेत्रातील धान्य साठवणुकीच्या योजनेला केंद्र शासनाने २०२३ मध्ये मान्यता दिल्यापासून गावपातळीवरील सेवा सहकारी संस्थांच्या गोदामांनाही नवे महत्त्व आले आहे.

पावतीवर धान्याचे वजन व प्रत लिहिलेली असते. त्या पावतीवर बँक कर्ज देते. परंतु पावतीवर लिहिलेली प्रत राखण्याचे काम वखारीच्या भिंती आणि विशेषतः छप्पर करते. छप्पर गळू लागले की कागदावरील अक्षरे जशीच्या तशी राहतात, पोत्यातील धान्य मात्र तसे राहत नाही.

छपराचे दोन शत्रू

छपराला मुख्यतः ऊन आणि पाऊस यांच्याशी झगडावे लागते. उन्हाळ्यात निरभ्र आकाशातील भर दुपारी जमिनीच्या एका चौरस मीटरवर सुमारे १ किलोवॅट इतकी सौर ऊर्जा पडते. म्हणजे १,००० चौरस मीटरच्या गोदामावर त्या वेळी सुमारे १,००० किलोवॅट ऊर्जा ओतली जात असते. विदर्भात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा पत्र्याखालची हवा किती तापत असेल, याची कल्पना थप्पीच्या माथ्यावर पोते चढविणाऱ्या हमालाला विचारल्यावर येते. दिवसा पसरणारा आणि रात्री आकसणारा पत्रा आपल्या बोल्टांना सतत ओढत असतो. त्यामुळे वायसर सैल होतात आणि भोके रुंदावतात.

नेमक्या त्याच भोकांतून पुढे पाऊस शिरतो. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर १,००० चौरस मीटरच्या छपरावर १ लाख लिटर पाणी पडते. कोकणात असे दिवस एका पावसाळ्यात अनेकदा येतात. तेथील खाऱ्या हवेने जस्ताचा थर लवकर झिजतो आणि उघड्या पडलेल्या लोखंडाला गंज धरतो. एका बोल्टाजवळून ठिबकणारे पाणीही थप्पीतील पोती भिजविण्यास पुरेसे असते. भिजलेल्या धान्याला बुरशी येते, ते आतून तापू लागते आणि सोंड्यांचा उपद्रव वाढतो.

लेप काय करतो, काय करीत नाही

छपरावरील संरक्षक लेपाची कामे तीन आहेत. तो धातूला हवा व पाण्यापासून दूर ठेवतो, बारीक सांधे मिटवितो आणि पांढरा असल्यास ऊन परतवितो. नव्या स्वच्छ पांढऱ्या लेपावरून उन्हाचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग परत फिरतो. जस्ती पत्रा चकाकत असला तरी हाताला भाजतो, कारण शोषलेली उष्णता तो लवकर बाहेर टाकीत नाही. पांढरा लेप ऊन परतवितो आणि उरलेली उष्णताही सहज सोडून देतो. अहमदाबाद शहराने २०१७ मध्ये उष्णतेपासून बचावाच्या कार्यक्रमात अशा शीतल छपरांचा समावेश केला, तर तेलंगणाने २०२३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले.

तथापि लेप म्हणजे दुरुस्ती नव्हे. तडा गेलेला पत्रा, कुजलेला बोल्ट किंवा तुंबलेली पन्हळ यांवर रंग चढविल्याने दोष झाकला जातो, दूर होत नाही. तसेच रात्री थंड झालेल्या पत्र्याच्या आतील बाजूला दव धरून ते धान्यावर ठिबकते. त्यावर उपाय वायुवीजनाचा आहे, वरच्या लेपाचा नाही. हे न समजल्यामुळे लेप लावूनही छप्पर ‘गळते’ अशी तक्रार होते.

छपरागणिक निराळी तयारी

जस्ती पत्र्यावरील गंज तारेच्या ब्रशने काढून त्यावर गंजरोधक अस्तर द्यावे लागते. अगदी नवा गुळगुळीत जस्ती पत्रा रंग धरीत नाही, म्हणून त्यासाठी योग्य असे अस्तर निवडावे. सिमेंटच्या पत्र्यावर शेवाळ वाढते. ते काढून पत्रा पूर्ण वाळल्याखेरीज लेप टिकत नाही. काँक्रीटच्या गच्चीवर डांबरी थर असेल तर तो काळेपणामुळे ऊन शोषतो, म्हणून वर परावर्तक थर आवश्यक ठरतो. गच्चीवर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी बसविण्याची जुनी पद्धत याच तत्त्वावर उभी आहे. उजेडासाठी बसविलेले पारदर्शक पत्रे मात्र लेपातून वगळावेत.

कामाचा क्रम ठरलेला आहे. प्रथम पन्हळी व पावसाळी नळ मोकळे करणे, नंतर फुटके पत्रे आणि बोल्ट-वायसर बदलणे, मग धुणे व वाळविणे, त्यानंतर अस्तर आणि शेवटी लेपाचे दोन हात. पावसाळा संपताच छपराची तपासणी करून हिवाळ्यात काम उरकणे श्रेयस्कर. वैशाखातील तापलेल्या पत्र्यावर लेप फार झपाट्याने सुकतो आणि नीट धरत नाही. पहिल्या सरींच्या तोंडावर काम काढणे तर निव्वळ खर्चाचे आहे.

देखरेख कशी करावी

पंचायत सदस्याला रसायनशास्त्र येण्याची गरज नाही, त्रैराशिक पुरे. १ लिटर लेप १ चौरस मीटरवर पसरला तर ओला थर १ मिलिमीटरचा होतो. उत्पादकाने प्रत्येक हाताला पाव मिलिमीटर ओला थर सांगितला असेल, तर १,००० चौरस मीटरला एका हातासाठी २५० लिटर आणि दोन हातांसाठी ५०० लिटर लेप लागेल. नालीदार पत्र्याचा प्रत्यक्ष पृष्ठभाग सपाट मापापेक्षा जास्त भरतो, त्यामुळे गरज याहून वाढते, घटत नाही. काम संपल्यावर रिकामे डबे मोजले की थर पातळ झाला की नाही, हे उघड होते. पाणी मिसळून ‘पुरविलेला’ लेप पहिल्या दोन पावसाळ्यांतच सोलून निघतो आणि त्याची किंमत शेतकरी मोजतो. हाच हिशोब सातवी-आठवीच्या वर्गात गणित म्हणून घालता येईल. विद्यार्थ्यांच्या घरचे धान्य त्याच गोदामात असल्याने तो त्यांना परका वाटणार नाही.

देखरेखीत माणसाचा जीव सर्वांत आधी येतो. सिमेंटचा जुना पत्रा पायाखाली अकस्मात फुटतो. म्हणून आधारांवर टेकणाऱ्या फळ्या टाकूनच वर चालावे आणि कमरेला दोर बांधावा. ॲस्बेस्टॉस असलेला पत्रा कोरडा घासू नये, कारण त्याची धूळ फुप्फुसांना कायमची इजा करते. तो ओला करून हलक्या हाताने स्वच्छ करावा आणि मजुरांना योग्य मुखपट्टी द्यावी. या बाबी कंत्राटातच लिहून घेतल्या पाहिजेत.

एकदा लेप लावून कर्तव्य संपत नाही. धुळीने पांढरेपणा मंदावतो, म्हणून दरवर्षी छप्पर धुवावे. पावसाळ्यापूर्वी व नंतर अशी दोनदा पाहणी करून त्याची नोंद साठ्याच्या नोंदवहीजवळच ठेवावी. नवे गोदाम उभे राहते तेव्हा फीत कापली जाते आणि छायाचित्रे निघतात. पत्र्यावरचा सैल वायसर बदलला जातो, त्याची वार्ता कोठे येत नाही. तरीही शेतकऱ्याची पावती खरी ठरते ती त्या वायसरामुळे. हे ध्यानात ठेवून प्रत्येक ग्रामपंचायतीने व सेवा संस्थेने आपल्या गोदामाच्या छपराची पाहणी येत्या हिवाळ्याच्या कामांत प्रथम क्रमांकावर घ्यावी.