आगीविना अग्निबाण
(हीरक महोत्सवी समारंभातील भाषण)



शाळेने बोलण्याचा मान दिला, याबद्दल मी ऋणी आहे. नोकरीनिमित्त मी चंदीगडच्या आयटी पार्कजवळ राहतो. सुटीच्या दिवशी आम्ही काही मराठी कुटुंबे मुलांसह रॉकेटे उडवितो. त्या छंदाविषयी दोन शब्द सांगतो.

रॉकेटला आपण अग्निबाण म्हणतो. आमच्या अग्निबाणात मात्र आग नाही. शीतपेयाची दोन लिटरची बाटली, तिच्यात एक तृतीयांश पाणी आणि सायकलच्या पंपाने भरलेली हवा, एवढेच साहित्य. दुरून दोरी ओढून बूच सोडायचे. बाटलीवर कोणी वाकायचे नाही, हा नियम. दाबलेली हवा पाण्याला खाली लोटते, पाणी बाटलीला वर लोटते. पाणी हवेहून जड, म्हणून रेटाही मोठा.

एका सकाळी, शिवालिकच्या टेकड्यांवरील धुके विरल्यावर, पहिलेच रॉकेट थोडे चढून कोलांटी खाऊन पडले. "पंख लावूनही ते का उलटले?" एका मुलीने विचारले. उत्तर न देता तिला बाटलीच्या तोलबिंदूशी दोरी बांधून ती गरगर फिरवायला सांगितले. बाटली वेडीवाकडी फिरली. मग तिने टोकाला मातीचा गोळा बसविला. आता टोक पुढे राहिले. गुरुत्वमध्याची इंग्रजी व्याख्या तिला पाठ होती. पण "जड बाजू पुढे, वाऱ्याला अडविणारी बाजू मागे, तरच बाण सरळ जातो," हे तिने मराठीत सांगितले, तेव्हा ते तिचे झाले. दुसरे रॉकेट सरळ गेले.

थुंबा येथून २१ नोव्हेंबर १९६३ रोजी उडालेले पहिले रॉकेट अमेरिकी बनावटीचे होते. पुढे स्वदेशी घन इंधन सिद्ध करण्यात पुण्यात जन्मलेल्या डॉ. वसंत गोवारीकरांचा मोठा वाटा होता. एसएलव्ही-३ चे १० ऑगस्ट १९७९ चे उड्डाण फसले; १८ जुलै १९८० रोजी त्याच यानाने रोहिणी उपग्रह कक्षेत नेला. मधल्या अकरा महिन्यांत शास्त्रज्ञांनीही 'का?' हाच प्रश्न सोडविला.

पालकहो, मराठीत शिकलेले मूल विज्ञानात मागे पडेल, ही चिंता मला ठाऊक आहे. इंग्रजी त्याला पुढे अवश्य येईल. परंतु न भिता 'का?' विचारण्याची सवय घरच्या भाषेत लवकर जडते. या शाळेने ती आम्हांस लावली; ती पुढील पिढ्यांसही लागो, हीच सदिच्छा.