दुसरी मात्रा आणि शेजारधर्म
(बदलापूर गाव येथे केलेल्या भाषणाचा सारांश)



इथे बसलेल्या अनेक ज्येष्ठांच्या दंडावर देवीच्या लसीचा वण असेल. त्यांच्या नातवंडांना ती लस घ्यावीच लागली नाही. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण 1975 साली आढळला. पुढे 27 मार्च 2014 रोजी आपला देश पोलिओमुक्त घोषित झाला. या यशामागे शास्त्रज्ञांची प्रज्ञा आहे, तसेच घरोघर पायपीट करणाऱ्या कार्यकर्त्यांचे श्रमही आहेत.

साथ आवरण्याचे दोन मार्ग महाराष्ट्राने 1897 मध्ये पाहिले. पुण्यात रँडच्या अमलाखाली गोरे सैनिक घराघरांत घुसले. लोकांनी रुग्ण लपवले, संताप उसळला आणि त्याचे पर्यवसान चापेकर बंधूंनी केलेल्या रँडच्या वधात झाले. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रुग्णांची शुश्रूषा करताना प्लेगनेच 10 मार्च रोजी निवर्तल्या. तिकडे मुंबईत डॉ. हाफकिन यांनी आपली प्लेगची लस 10 जानेवारी रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. सक्तीने दारे बंद होतात, आपलेपणाने ती उघडतात, हा त्या वर्षाचा धडा आहे.

आता आजचा प्रश्न पाहू. ‘गोवर काय, अंगावर येतो आणि जातो,’ असे आपण सहज म्हणतो. परंतु 2022 च्या अखेरीस मुंबईत, भिवंडीत आणि मालेगावात गोवराची साथ पसरली आणि बालके दगावली. हा विषाणू हवेतून पसरतो. गोवर-रुबेलाची पहिली मात्रा नवव्या महिन्यानंतर देतात, पण शंभरातील सुमारे पंधरा बालकांना ती पुरेसे संरक्षण देत नाही. म्हणून सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान दुसरी मात्रा आवश्यक असते. साथ रोखण्यासाठी 95 टक्के बालकांना दोन्ही मात्रा मिळायला हव्यात. नऊ महिन्यांच्या आतील तान्ह्या बाळाचे रक्षण तर शेजारच्या मुलाने घेतलेल्या लसीवरच अवलंबून असते.

नेमकी ही दुसरी मात्रा आपल्यासारख्या वाढत्या गावात चुकते. कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या 2001 मध्ये एक लाखाच्या आत होती, ती 2011 मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात गेली. पहिली मात्रा सासर-माहेरच्या गावी झालेली असते, कार्ड तिथेच राहते. इमारतीच्या बांधकामावर आलेले कुटुंब सहा महिन्यांत दुसरीकडे जाते. एखाद्या लसीनंतर बाळाला ताप येतो, घरकाम करणाऱ्या आईचा दिवस बुडतो आणि पुढच्या वेळी ती येतच नाही. तिला अडाणी म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

कार्यकर्त्यांना माझे सांगणे एवढेच आहे. आपल्या इमारतीत आणि शेजारच्या वस्तीत दोन वर्षांच्या आतील किती बालके आहेत, याची वही करा. कार्ड हरवले असेल तर आशाताईंशी गाठ घालून द्या. लसीकरणाचा दिवस आदल्या संध्याकाळी आठवण करून सांगा, कारण गोवराच्या लसीची उघडलेली कुपी चार तासांतच वापरावी लागते. साध्या सर्दीमुळे लस टाळण्याचे कारण नसते, हे समजावून सांगा. आणि त्या आईला दुसऱ्या दिवशी कामावर जायचे असेल, तर तिच्या बाळाजवळ तासभर बसा.

या कामात ना हार आहे, ना व्यासपीठ. पण ज्या वस्तीत गोवर शिरू शकला नाही, तेथील एक तान्हे बाळ तुमच्यामुळे सुखरूप राहिलेले असेल.