तालिब : एका शब्दाची गोष्ट

आजचा शब्द तुम्ही बातम्यांत कितीतरी वेळा ऐकलाय, पण बहुधा अनेकवचनात. तो शब्द आहे तालिब.

मूळ अरबी. त-ल-ब ही तीन व्यंजनं, अर्थ शोधणं, मागणं. त्यांना वेगवेगळे स्वर जोडले की शब्द तयार होतात. मतलब म्हणजे मागितलेली गोष्ट, हेतू. आपण एखाद्याला ‘मतलबी’ म्हणतो ना, ते याच घराण्यातलं. आणि तालिब म्हणजे शोधणारा. ज्ञान शोधतो, म्हणून विद्यार्थी. (पैलवानांची ‘तालीम’ मात्र या घरातली नाही हं! ती ‘इल्म’च्या कुळातली.)

आता गंमत बघा. अरबीत पुष्कळ विद्यार्थी म्हणजे ‘तुल्लाब’ किंवा ‘तलबा’. ‘तालिबान’ म्हटलं तर अरबी माणसाला ते द्विवचन वाटेल, दोनच विद्यार्थी! कारण संस्कृतसारखं अरबीतही द्विवचन आहे. मग आपण ऐकतो ते ‘तालिबान’ कुठलं? फारसीनं शब्द घेतला आणि त्याला स्वतःचा ‘आन’ लावला, जसं साहेबचं ‘साहेबान’. पश्तोतही अनेकवचन तालिबानच.

पश्तून गावांत तालिब म्हणजे मशिदीत किंवा मदरशात धर्मशिक्षण घेणारा मुलगा. गावकऱ्यांनी दिलेल्या अन्नावर तो शिकायचा, आपल्याकडच्या माधुकरीसारखंच. १९९४ मध्ये कंदाहार भागात मुल्ला उमर यांची संघटना उभी राहिली, तिच्यात अशा मदरशांतले विद्यार्थी होते. नाव पडलं तालिबान, म्हणजे शब्दशः ‘विद्यार्थी’.

आता आपण मराठीत ‘तालिबानी फर्मान’ म्हणतो, तेव्हा विद्यार्थी कुणाच्या मनातही येत नाही. जुलूम येतो. शब्दाचा अर्थ असा पार उलटा झाला, आणि तो डिक्शनरीनं नाही, कारभारानं उलटा केला. ऑगस्ट २०२१ मध्ये हेच लोक पुन्हा काबूलमध्ये आले. सहावीच्या पुढे मुलींची शाळा बंद झाली. डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठाची दारंही बंद.

अरबीत या शब्दाला स्त्रीलिंगही आहे बरं का. तालिबा, म्हणजे विद्यार्थिनी. आज मूळ अर्थानं ‘तालिब’ कोण, असं विचाराल तर माझं उत्तर एकच : घरात दार लावून, चोरून शिकणारी ती अफगाण मुलगी.

भेटूया, पुढच्या शब्दासोबत.