‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून सोडून देऊ नका
(वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मी सूतगिरणीतला कामगार, डॉक्टर नाही. दहावीनंतर जे वाचलं ते पाळी सुटल्यावर वाचलं. समितीने मला आरोग्यावर बोलायला सांगितलं आहे. मी माझ्या मायबद्दल बोलणार आहे, कारण तिच्या आजारात माझ्या हातून जी चूक झाली ती आपल्या वस्तीत आणखी घरांत होत असणार.

२०२१ साली मायचं विसरणं सुरू झालं. भाजीत दोनदा मीठ पडायचं. एकदा विहारातून घरी येताना गल्ली चुकली आणि पार मिल कॉर्नरला जाऊन उभी राहिली. आम्ही म्हणालो, साठी बुद्धी नाठी, सत्तरी ओलांडलेली बाई विसरणारच. एका नातेवाईक बाईने बाहेरची बाधा सांगितली. तिथे मात्र मी ठाम राहिलो, अंगारे-धुपारे केले नाहीत, आणि स्वतःला मोठा विज्ञानवादी समजलो. त्याच विज्ञानवाद्याने पुढे दीड वर्ष आईला होमिओपॅथीच्या साबुदाण्याएवढ्या गोड गोळ्या दिल्या.

ते डॉक्टर माणूस म्हणून चांगले होते, हे मी आजही सांगतो. अर्धा-अर्धा तास मायचं ऐकून घ्यायचे, पैसे थोडे घ्यायचे. मोठ्या दवाखान्यात दोन मिनिटंही कोणी ऐकत नाही, म्हणून आपली माणसं तिकडे जातात. पण ऐकून घेणं वेगळं आणि औषध वेगळं. होमिओपॅथी जर्मनीच्या हानेमान यांनी दोनशे वर्षांपूर्वी काढली. त्यात ‘तीस’ नंबरचं औषध म्हणजे एक थेंब नव्व्याण्णव थेंबांत मिसळायचा, त्यातला एक थेंब पुन्हा नव्व्याण्णवात, असं तीस वेळा. बाराव्या वेळेनंतरच मूळ पदार्थाचा कण उरण्याची आशा संपते. स्मृतिभ्रंशावर या औषधाचा गुण येतो का, हे तपासायला कॉक्रेन या संस्थेच्या अभ्यासकांनी जगभरचे प्रयोग धुंडाळले. २००३ साली त्यांनी जाहीर केलं की कसोटीला उतरेल असा एकही प्रयोग सापडला नाही. कालामांना भगवान बुद्धांनी काय सांगितलं ते आपण दर पौर्णिमेला ऐकतो. घरातल्या गोळीच्या बाबतीत मात्र विसरतो.

पण माझी खरी चूक गोळीची नव्हती. शेजारच्यांनी सांगितलं, इंग्रजी औषध चालू असलं की होमिओपॅथीचा गुण जातो. डॉक्टरांना न विचारता आम्हीच मायची बीपीची गोळी बंद केली. २०२३ च्या पावसाळ्यात ती न्हाणीत पडली, तोंड वाकडं झालं. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी निघाली. सरकारी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “काका, दोन वर्षं विसरते आहे तर तपासणी एकही कशी नाही?” माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

गिरणीत रिंगफ्रेमवर धागा सारखा तुटायला लागला तर आम्ही नुसता जोडत बसत नाही. कापूस बघतो, हवेतला ओलावा बघतो, चाती बघतो. विसरण्याचंही तसंच आहे. बी-१२ कमी असेल, थायरॉईड मंद असेल, डोक्याला मार लागून आत रक्त साचलं असेल, मन खचलं असेल, तरी माणूस विसरतो, आणि यातलं बरंचसं उपचाराने सुधारतं. मायचं बी-१२ कमी निघालं. इंजेक्शनांनी थोडी हुशारी आली, पण रक्तवाहिन्यांमुळे झालेलं नुकसान भरून आलं नाही.

इंग्रजी औषधही जादू नाही, हे स्पष्ट सांगतो. १९०६ साली डॉ. अल्झायमर यांनी ज्या आजाराची माहिती मांडली, त्यावर डोनेपेझिलसारख्या गोळ्या आहेत. काहींना काही काळ आधार मिळतो, आजार मुळातून जात नाही. २०२३ साली आलेल्या एका मोठ्या पाहणीप्रमाणे भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. बायकांत, खेड्यांत आणि न शिकलेल्यांत प्रमाण जास्त. २०२४ साली लॅन्सेट या नियतकालिकाच्या आयोगाने चौदा कारणं मांडली, ती दूर झाली तर जवळपास ४५ टक्के आजार टळू किंवा लांबू शकतो. बीपी, साखर, बिडी-सिगारेट, कमी ऐकू येणं, एकटेपणा यांच्यासोबत त्या यादीत लहानपणी शाळा न मिळणं हेही आहे. आपल्या मायांना शाळा कुणी मिळू दिली नाही ते इथं सांगायची गरज नाही.

आणखी एक. २०१४ च्या कायद्याने आपल्या राज्यात होमिओपॅथीच्या डॉक्टरांना एक वर्षाचा अभ्यासक्रम करून काही इंग्रजी औषधं लिहायची वाट खुली केली. म्हणून पाटी वाचा, पदवी विचारा, लाजू नका. घाटीत मेडिसिन आणि मानसोपचार, दोन्हींची ओपीडी आहे. रांग मोठी असते, एक दिवसाची मजुरी बुडते, ती बुडू द्या.

घरची सेवा शेवटी बायकांवर पडते. माझी पत्नी दोन वर्षं नीट झोपलेली नाही. आता मी आणि मुलगा आलटून-पालटून रात्री जागतो, दाराला आतून वर कडी बसवली आहे, मायच्या पोलक्याच्या खिशात पत्त्याची चिठ्ठी असते. माय मला तिच्या वारलेल्या भावाच्या नावाने हाक मारते. आधी मी दुरुस्त करायचो, मग ती रडायची. आता नुसती ओ देतो.

मायच्या तपासण्यांची फाईल मी सोबत आणली आहे. कोणत्या तपासण्या, किती खर्च आला, सगळं त्यात आहे. ज्यांच्या घरी असं माणूस असेल त्यांनी भोजनदानानंतर बोधिवृक्षाखाली थांबावं, मी तिथेच बसतो.

जयभीम, नमो बुद्धाय.