पाप नव्हे, मेंदूची इजा
(वेरूळ येथे तरुण कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



या वेरूळला कुणी लेणी बघायला येतं, कुणी घृष्णेश्वराला नवस बोलायला. त्यात एखादी माय असते. कडेवर चार वर्षांचं पोर, मान धरत नाही, पाय कात्रीसारखे आवळलेले. लोक म्हणतात, मागच्या जन्मीचं पाप!

हा दाखला आपल्या ओळखीचा आहे. आपल्या बापजाद्यांना गावकुसाबाहेर ठेवलं ते हाच दाखवून. आपण तो फाडला. मग आपल्याच वस्तीत या पोरापुढं तो कसा चालतो?

या आजाराचं नाव सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूचा पक्षाघात. वाढत्या मेंदूला इजा होते. पोटात, बाळंतपणात, नाहीतर जन्मानंतरच्या पहिल्या काही वर्षांत. दिवस भरायच्या आत जन्म, कमी वजन, गरोदरपणातला संसर्ग, जन्मताना मेंदूला प्राणवायू न मिळणं, अंगावर काढलेली जबर कावीळ, मेंदूज्वर ही त्याची कारणं. कधी कारण सापडतही नाही. बंगल्यातही असं मूल जन्मतं. पण पोटुशी असताना उसाच्या फडात मोळ्या उचलते ती बाई कुणाची? कावीळ झालेलं बाळ वेळेत दवाखान्यात पोचत नाही ते कुणाचं? इथं नशीब नाही, व्यवस्था आहे.

इजा वाढत नाही, पण तिच्यामागं दुखणी येतात. साधारण चौघांत एकाला फिट येतात. तिघांत एकाचा खुबा सरकतो. कुणाला दिसत नाही, ऐकू येत नाही. कुणाला गिळता येत नाही, ठसक्यानं घास फुप्फुसात जातो. निम्म्यांच्या बुद्धीवर परिणाम होतो. म्हणजे निम्म्यांच्या होत नाही! जीभ वळत नाही म्हणून त्याला वेडं ठरवू नका. मुंबईच्या मालिनी चिब यांनी एका बोटानं टाईप करून आत्मचरित्र लिहिलं, 2011 साली ते छापून आलं. त्यांची आई मिथू अलूर यांनी 1972 साली मुंबईत अशा मुलांसाठी शाळा काढली. त्यांना मिळालं ते आपल्या पोराला का नको?

चार महिन्यांचं बाळ मान धरत नसेल, मुठी आवळलेल्याच असतील, वर्षाच्या आत एकच हात वापरत असेल, तर अंगारा नको. सरळ घाटी दवाखाना गाठा. व्यायामोपचार जितके लवकर तितके बरे. 2016 च्या अपंग हक्क कायद्यात हा आजार आहे. दाखला, शाळा हा हक्क आहे, भीक नव्हे.

आणि कुणी त्या मायला पाप विचारलं, तर तुम्ही उलट विचारा: बाळंतपण कुठं झालं? बाळ कधी रडलं? दवाखाना किती कोसांवर होता?