रूपकुंडातील अस्थी कुणाच्या?

(सोलापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



हिमालयातील दुर्गम गुहांत प्राचीन योद्धे चिरनिद्रा घेत आहेत, अशा कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. या कथांचा मागोवा घेत गेले, तर गुहा नव्हे, एक सरोवर समोर येते. उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात, त्रिशूळ शिखराच्या पायथ्याशी, सुमारे ५,००० मीटर उंचीवर रूपकुंड आहे. १९४२ साली वनाधिकारी एच. के. मढवाल यांना तेथे मानवी अस्थींचा खच दिसला. महायुद्धाचे दिवस, हे जपानी सैनिक तर नव्हेत, अशी शंका प्रथम आली. अस्थी पुरातन आहेत हे कळल्यावर, १८४१ मध्ये तिबेटात धारातीर्थी पडलेल्या जनरल जोरावरसिंहांच्या फौजेचे नाव पुढे आले. कुणी महंमद तुघलकाच्या मोहिमेकडे बोट दाखविले. मृतांना सैनिक ठरविण्याची आपल्याला मोठी हौस!

गढवालची लोकगीते मात्र वेगळेच सांगत होती. कनौजचा राजा जसधवल राणी आणि नर्तकींसह नंदादेवीच्या यात्रेला निघाला, देवीचा कोप झाला आणि गारपिटीत सारे गतप्राण झाले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. सुभाष वाळिंबे यांनी काही कवट्या तपासल्या, तेव्हा त्यांवर वरून बसलेल्या गोल वस्तूच्या आघाताच्या खुणा आढळल्या; शस्त्राच्या नव्हेत. गीतांना असा पुरावा मिळावा, हे विलक्षणच.

त्याच सुमारास, २००४ मध्ये, हैदराबादच्या प्रयोगशाळेतील जनुकीय तपासणीतून काही मृतांचे कोकणस्थ ब्राह्मणांशी साम्य असल्याची वार्ता आली आणि महाराष्ट्रात तिची बरीच चर्चा झाली. पण २०१९ मध्ये ३८ जणांच्या अस्थींचे विस्तृत संशोधन प्रसिद्ध झाले. त्यांत १५ स्त्रिया होत्या. मोहिमेवरच्या सैन्यात इतक्या स्त्रिया कशा असतील? २३ जण भारतीय वंशाचे, सातव्या ते दहाव्या शतकांतले. ते एका कुळाचे वा एका समाजाचे नव्हते, आणि सारे एकाच दिवशी मेले असेही नाही. आपल्या सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वजांभोवती निरनिराळ्या समाजांचे मानकरी एकत्र चालतात, ते दृश्य सोलापूरकरांना नवे नाही. तसेच निरनिराळ्या घरांतले लोक त्या हिमवाटेवर चालले असावेत. नंदादेवीची राजजात यात्रा आजही तिथूनच जाते.

उरलेल्यांपैकी १४ जण तर भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडचे, ग्रीस-क्रीटच्या लोकांशी जवळीक असलेले, आणि अवघ्या दोनशे वर्षांपूर्वीचे! एक आग्नेय आशियातला. हे परदेशी तिथवर कशासाठी गेले, याचे उत्तर संशोधकांजवळही नाही.

या यात्रेकरूंना ना चिता मिळाली, ना तिलांजली. आणि आपले गिर्यारोहक काय करतात? आठवण म्हणून अस्थी पिशवीत घालून आणतात. कवट्या मांडून छायाचित्रे घेतात. घरच्या माणसाच्या अस्थी आपण कापडात बांधून पंढरपूरला, नाशिकला नेतो. मग या कुणाच्या म्हणून खेळायच्या? २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने तिथल्या उंच कुरणांवर रात्रीच्या मुक्कामास मनाई केली, ती कुरणे वाचविण्यासाठी. अस्थींसाठी अजून कुणी न्यायालयात गेल्याचे माझ्या ऐकिवात नाही.